फ्री थ्रो कोणी टाकायचा

अण्णा,

तुमच्यावर संशय घेता घेता माझे केस पिकायला लागले. आई म्हणायची, दूध उतू गेलं तरी ही पोरगी विचारेल, कोणी उतू घालवलं? असेल माझा स्वभाव तसा. पण त्या फायनलचं मला आजही पटलेलं नाही. तुम्ही शाळेतल्या मुलींच्या बास्केटबॉल संघाचे कोच, मी तुमची मुलगी, आणि फ्री थ्रो माझ्याइतका बिनचूक संघात कोणाचाच नव्हता. सामना संपत आलाय, आपण एका गुणाने मागे आहोत. समोरचे कोच पंचांच्या अंगावर ओरडत धावून जातात आणि पंच त्यांना टेक्निकल फाउल देतात. धक्काबुक्कीचा फाउल असता तर जिला लागलं तिनेच टाकायचं, तिथे कोचचं काही चालत नाही. टेक्निकलचं तसं नाही. तेव्हा दोन फ्री थ्रो मिळायचे, आणि ते कोणी टाकायचे हे कोचने ठरवायचं. मी लाइनकडे निघालेसुद्धा होते. तुम्ही बाकावरून त्या पेठ गावच्या मुलीला उठवलंत, जी तोवर नुसत्या पाण्याच्या बाटल्या भरत होती. तिने दोन्ही टाकले, आपण जिंकलो, आणि मला तक्रार करायची सोयच उरली नाही.

घरी जेवताना मी विचारलं, "मी का नाही?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "नियम आहे. कोच सांगेल ती टाकणार." आणि पापड मोडून अर्धा माझ्या ताटात ठेवलात. मला त्या पापडाचाही संशय आला. स्वतःच्या पोरीला पुढे केलं असं लोक म्हणतील, म्हणून घाबरलात? की तिचे वडील गावाहून आपल्याकडे नागलीचं पीठ आणायचे, म्हणून? तेही मी चालवून घेतलं असतं. खरा संशय वेगळा होता आणि तो फार दुखायचा. मी ऐनवेळी कच खाईन, असं तुम्हाला वाटलं. तेव्हापासून मी तुमच्याशी कामापुरतंच बोलले, आणि तुम्ही जाईपर्यंत ते तसंच राहिलं.

परवा ती पेठची भेटली. अंबडला एका कंपनीत सुपरवायझर आहे. मी चहा पिता पिता विषय काढलाच. ती हसायलाच लागली. "तुला ठाऊक नाय? सरांनी मला सकाळीच सांगितलं व्हतं. म्हणले, टेक्निकल झाला तर तू टाकायचा. माझी पोरगी लय भारी टाकते, पण बॉल सुटला का ती जाळीकडं नाय, माझ्याकडं बघते. आज चुकली तर माझ्याकडं बघायचंच सोडून देईल."

गेलेल्या माणसाबद्दल सगळेच गोड बोलतात, म्हणून मी तिच्यावरही संशय घेतला. मग तुमचा राग आला. हे तिला सांगितलंत, मला का नाही सांगितलंत अण्णा?

काल शाळेच्या मैदानावर गेले. सराव करणाऱ्या मुलींकडून बॉल मागून घेतला, लाइनवर उभी राहिले आणि टाकला. हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, तर खरं सांगते. तो गेला की नाही, मला माहीत नाही. मी तुमच्या बाकाकडे बघत होते.