भूगोलाच्या अभ्यासक्रमातला चौथा फर्मा परत शिवून घेण्याबाबत

प्रति,
मा. कुलसचिव,
विद्यापीठ मुख्य कार्यालय.

विषय: भूगोल पदवी अभ्यासक्रमातून गळालेला 'नकाशावाचन' हा विषय पूर्ववत करून माझी राहिलेली परीक्षा घेण्याबाबत.

संदर्भ: १) माझे यापूर्वीचे सहा अर्ज. २) सहाही अर्जांना आलेले एकच उत्तर.

महोदय,

मी, वय वर्षे एकाहत्तर, आपल्याच विद्यापीठाच्या छापखान्यातला बाइंडर. निवृत्त झालो तरी घाईचे काम निघाले की मलाच बोलावणे येते. अक्षरे मी सेहेचाळिसाव्या वर्षी शिकलो. छापखान्यात अक्षरे जुळवणाऱ्या जुळाऱ्याने छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे हातात देऊन शिकवली, त्यामुळे आधी उलटी वाचता येऊ लागली आणि मग सुलटी. पुढे बाहेरून शालान्त आणि बारावीच्या परीक्षा दिल्या आणि नऊ वर्षांपूर्वी भूगोलाच्या पदवीला नाव घातले. माझ्या नोंदणीची मुदत याच महिन्याच्या तीस तारखेला संपते. त्यानंतर ही नऊ वर्षे रद्द धरली जातील. म्हणून हा सातवा अर्ज.

१. नऊ वर्षांत हा अभ्यासक्रम तीन वेळा बदलला. आधी निळा, मग हिरवा, मग तपकिरी, आता करडा. रंग सांगतो, कारण पुठ्ठे मीच चढवले आहेत. हिरव्यावर 'आमूलाग्र फेररचना' असे छापले होते. प्रत्यक्षात निळ्याच्या उरलेल्या प्रती उसवून मागचे प्रकरण पुढे आणि पुढचे मागे शिवायचे काम मला दिले होते. तरी मी ब्र काढला नाही. तेच विषय नव्या नावाने आले, तेच पेपर पुन्हा दिले आणि पुन्हा पास झालो.

२. डोळ्याच्या शस्त्रक्रियेमुळे एकच पेपर राहिला, नकाशावाचनाचा. तेवढ्यात करडा अभ्यासक्रम आला आणि तो विषयच दिसेनासा झाला. जुना विषय कोणत्या नव्या विषयाबरोबर धरायचा, हे सांगणारा आपला एक तक्ता असतो. त्यात नकाशावाचनासमोर एक आडवी रेघ आहे. खिडकीवरच्या ताई म्हणाल्या, "बाबा, जो विषयच नाही त्यात तुम्ही पास नाही आणि नापासही नाही. पहिल्या वर्षाला पुन्हा प्रवेश घ्या." त्या हसून म्हणाल्या. मला हसू आले नाही.

३. विषय का काढला, असे विचारल्यावर अभ्यासमंडळाच्या अध्यक्षांनी लेखी कळवले की, "सखोल विचारमंथनाअंती आणि काळाची गरज ओळखून नकाशावाचन वगळण्यात आले आहे. आता वाट फोन दाखवतो." महोदय, हे साफ खोटे आहे. कसलेही मंथन झालेले नाही. विषय का गेला हे या विद्यापीठात एकाच माणसाला ठाऊक आहे, आणि तो माणूस मी आहे.

४. करड्या अभ्यासक्रमाच्या चाळीस प्रती अभ्यासमंडळाच्या सभेपूर्वी दोन तासांत हव्या होत्या. छापलेल्या मोठ्या कागदाची घडी घातली की सोळा पानांचा एक फर्मा होतो. फर्म्यांचे गठ्ठे लांब टेबलावर ओळीने मांडायचे, टेबलाभोवती फेऱ्या मारत प्रत्येकातला एकेक उचलायचा आणि मग शिवायला घ्यायचा, अशी आमची रीत. त्या दिवशी सभेच्या पाण्याच्या बाटल्यांची खोकी ठेवायला जागा हवी म्हणून शिपायाने चौथा गठ्ठा उचलून खिडकीत ठेवला. तो सांगायला विसरला. मी एका डोळ्यावर पट्टी घेऊन चाळीस फेऱ्या मारल्या आणि चाळीसही प्रती चौथ्या फर्म्याविना शिवल्या. नकाशावाचन त्याच फर्म्यात होते. ही चूक माझी. शिपायावर ढकलत नाही. हाताला वजन कळायला हवे होते.

५. गठ्ठा दुसऱ्या दिवशी सकाळी दिसला. तसाच धावत आपल्या कक्षाधिकाऱ्यांकडे गेलो. ते म्हणाले, "काका, सभेने मंजूर केलेल्या पुस्तकात पान कमी नसतं." मी पुस्तक उघडून दाखवले. पान अठ्ठेचाळीसनंतर थेट पान पासष्ट आहे. त्यांनी पुस्तक मिटले आणि चष्मा पुसत बसले. तीच प्रत पुढे सगळ्या महाविद्यालयांना गेली.

६. पान अठ्ठेचाळीसच्या तळाशी वाक्य आहे: "लोकसंख्येचा अभ्यास करताना विद्यार्थ्याने तिचे नमुने". पान पासष्टच्या माथ्यावर मातीच्या प्रकरणातली ओळ आहे: "पाण्यात भिजवून, उन्हात वाळवून, चाळणीने चाळावेत." बावीस विद्वानांनी हे एकमताने मंजूर केले. यंदाच्या प्रश्नपत्रिकेत 'लोकसंख्या चाळण्याचे फायदे' यावर दहा गुणांचा प्रश्न होता. मंडळ या घटकाला आंतरविद्याशाखीय म्हणते. आम्हाला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "आजोबा, मलाही कळत नाही. पण परीक्षेला येतं ना, मग शिकवते." बाईंचा मला राग नाही. राग आहे तो हे पुस्तक न उघडता त्यावर सही करणाऱ्यांचा, आणि चूक दाखवल्यावर तिलाच धोरण म्हणणाऱ्यांचा.

७. पदवीची प्रमाणपत्रे ठेवायच्या पुठ्ठ्याच्या घड्याही मीच बनवतो. हजारो बनवल्या. नाव घातले त्या वर्षी एक स्वतःसाठी बनवली. आमच्या मंडळी कपाट आवरताना ती पुसतात आणि विचारतात, "अहो, यात कागद कधी यायचा?" त्यांना लिहितावाचता येत नाही. त्यांना हे सगळे समजावून सांगितले. त्या म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही शिवायला विसरलात आणि ते वाचायला विसरले. मग शिक्षा तुम्हालाच कशी?"  याचे उत्तर आपण द्यावे.

८. माझी मागणी दयेची नाही. मी जुळवणीत चुकलो, हे या अर्जावर सही करून कबूल करतो. जी शिक्षा बाइंडरला असेल ती द्या. विद्यार्थ्याला देऊ नका. चाळीस प्रती माझ्या टेबलावर पाठवा. चौथा फर्मा माझ्या कपाटात दोन वर्षे कोरा करकरीत पडून आहे. उसवून, घालून, पुन्हा शिवायला मला एक दिवस लागेल. त्यानंतर माझा पेपर तीस तारखेच्या आत घ्या. मंडळाला आपले विचारमंथन खरे वाटत असेल, तर त्यांनी नकाशावाचन वगळल्याच्या चर्चेचे इतिवृत्त काढून दाखवावे. त्याची बांधणीही मीच केली आहे. त्यात पान कमी नाही.

आपला, अजून तरी नम्र,
(सही)
बाइंडर, विद्यापीठ छापखाना
आणि तृतीय वर्षाचा विद्यार्थी

दिनांक: ९ जून

सोबत:
१) अध्यक्षांच्या पत्राची प्रत.
२) चौथा फर्मा, पाने ४९ ते ६४, एक नग. कृपया या वेळी उघडून पाहावा.