रांजण, दगडी झाकण आणि हाताची चव

मी, ताक ओक-सिम, वय वर्षे एक्क्याऐंशी, मा कुटुंबाची विधवा सून, राहणार दोल्सान बेट, यसू, हा सगळा मजकूर स्वतःच्या हाताने लिहीत आहे. स्वतःच्या हातचा कागद असला की आमच्या कायद्याला साक्षीदार लागत नाहीत. मला लागतात, कारण माझ्या मुलीला मी ओळखते. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण त्यांचा इथे संबंध नाही.

कलम एक. बंदरामागचे राहते घर माझा मुलगा मा ग्यू-चल याला द्यावे. मागच्या खोलीचे छप्पर गळते. सहा वर्षे तो "उद्या बघतो" म्हणत आला आहे, तेव्हा ते छप्पर आणि तो उद्या, दोन्ही त्याचेच.

कलम दोन. बँकेतली ठेव, सोन्याची अंगठी आणि सणाचे दोन रेशमी हानबोक पोशाख माझी मुलगी मा यंग-सुक हिला द्यावेत. ती सोलला राहते. रांजणात मुरलेल्या आमच्या किमचीचा वास कपड्यांना लागतो म्हणून नाक मुरडते आणि दर हिवाळ्यात चार डबे भरून नेते. तिच्यावर माझा जीव आहे. तिला खानावळ मात्र मिळणार नाही, त्याचे कारण पुढे येईल.

कलम तीन. शेजारीण जेगाल बोक-निम हिने १९८८ साली माझा एक रांजण दगडी झाकणासह नेला, तो परत केला नाही. रांजण माफ केला आहे. झाकण माफ केलेले नाही. माझ्या अंत्यविधीला येताना तिने ते घेऊन यावे.

कलम चार. या कलमासाठीच मी कागद घेतला आहे. धक्क्यावरची माझी खानावळ, परसातले एकवीस रांजण, त्यांत मुरत असलेला सर्व माल आणि पाटीवर स्वतःचे नाव लावायचा हक्क मी माझी सून बोंग ही-रान हिला देत आहे.

यंग-सुकने गेल्या चुसोकच्या सणाला जेवता जेवता मला सांगितले होते, "आई, सून परक्या घरची. हाताची चव रक्तातून येते. खानावळ मला दे, तुझ्याच नावाने एका कंपनीला चालवायला देईन."

"रक्तातून रक्तदाब येतो," मी म्हणाले होते. बाकीचे उत्तर इथे लिहिते.

ही-रान पूर्वेच्या डोंगरांपलीकडची. तिकडे किमची सौम्य करतात, मासळी बेताने घालतात. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात तिने कोबीला मसाला चोळताना विचारले होते, "आई, मीठ मी बघू का?" मी म्हणाले, "तू भांडी बघ." आमच्याकडे कोबीच्या पानात मसाला गुंडाळून घरातली थोरली बाई तोंडात घालते आणि "झालं" म्हणते, मगच रांजण भरतात. तो मान मी सत्तावीस वर्षे तिला दिला नाही. तिने परत विचारले नाही.

चार हिवाळ्यांपूर्वी मला मोठा ताप आला. ताप गेला आणि माझी चव आणि वास बरोबर घेऊन गेला. मी कोणालाही सांगितले नाही. यसूची सगळी मंडळी ओक-सिमच्या हाताच्या चवीसाठी माझ्याकडे जेवतात. ती चव गेली म्हटल्यावर माझे काय उरले असते? मी पान तोंडात घालायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "झालं."

दुसऱ्या वर्षी खारवलेल्या मांदेलीच्या रसाची बाटली समजून मी मसाल्यात जवाचा चहा ओतला. दोन्ही बाटल्या सारख्या, रंग सारखा, आणि माझे नाक मेलेले. संध्याकाळी ग्यू-चलने दुसऱ्या बाटलीतून पेला भरला आणि घोट फुर्रकन बाहेर टाकला. "आई, चहात मासे आहेत!" तेव्हा मला कळले की माझ्या साठ गड्ड्यांत काय गेले. तरी मी तोंड उघडले नाही. इतकी मी हट्टी.

महिन्याने त्यातला एक रांजण उघडला. बोक-निम वाटी चाटून म्हणाली, "ओक-सिम, तुझ्या हाताची चव म्हातारी होत नाही बाई!" मी चहा ओतला त्या दिवशी परसात माझ्याखेरीज एकच बाई होती, ही-रान. माझी पाठ वळल्यावर तिने मसाला चाखला, दुरुस्त केला आणि मला कळू दिले नाही. तेही माझ्या पद्धतीने, मासळीचा रस सढळ घालून. तिच्या आईच्या पद्धतीने नव्हे. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त तिचा हेवा वाटला. चार वर्षे लोक जिची तारीफ करत आहेत ती चव ही-रानच्या हाताची आहे.

तिला सूचना थोड्याच आहेत. मोहरीच्या पाल्याची किमची झणझणीत असतानाच वाढावी, नाकात गेली नाही तर गिऱ्हाइकाने पैसे कशाला द्यावेत? तीन वर्षे मुरलेली कोबीची किमची बांगड्याबरोबर शिजवावी, कच्ची वाढून वाया घालवू नये. मुळ्याची पाणीदार दोंगचिमी भाजलेल्या रताळ्यांबरोबर द्यावी आणि तिचे पाणी पिऊन टाकायला गिऱ्हाइकाला भाग पाडावे. एका रांजणात तिने तिच्या आईची किमची घालावी. मला ती कधी चाखावीशी वाटली नाही. आता वाटते तर जमत नाही.

आज सकाळी आमची हिवाळ्याची किमची झाली. दीडशे गड्डे होते, परसात अकरा बायका होत्या, यंग-सुकही आली होती. मसाला तयार झाल्यावर सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. मी पान गुंडाळले आणि ही-रानच्या तोंडासमोर धरले.

"सूनबाई, मीठ बघ."

तिचे हात कोपरापर्यंत लाल होते. तिने पान चावले, माझ्याकडे पाहिले, बायकांकडे पाहिले. "छान झालंय" म्हणून तिला सुटता आले असते.

"अळणी आहे, आई," ती म्हणाली. "मांदेलीचा रस अजून दोन वाट्या तरी लागेल."

यंग-सुक पुढे सरसावली, "अगं, आईच्या मसाल्याला अळणी म्हणतेस?"

"घाल," मी ही-रानला म्हणाले. "आणि मला विचारू नकोस."

तिने बाटली उचलली आणि सगळ्यांच्या देखत, माझ्या डोळ्यांसमोर दोन वाट्या ओतल्या. मग पुन्हा चाखले आणि स्वतःच म्हणाली, "झालं."

सबब कलम चारची अंमलबजावणी आज सकाळीच झाली आहे. बाकीच्या वारसांनी माझ्या मरणाची वाट पाहावी. मला घाई नाही.

लिहून देणार : ताक ओक-सिम (सही व शिक्का)
साक्षीदार : १) सोन मान-हो, निवृत्त पोस्टमास्तर
२) जेगाल बोक-निम (कलम तीन वाचले. झाकण फुटले आहे. तरी सही करते.)
ठिकाण : दोल्सान, यसू
दिनांक : ९ डिसेंबर २०२३