भीम पाण्यातून आला नाही

रविवार, संध्याकाळ

आज कानोत्याच्या धरणावर भीमचा कामाचा पट्टा पहिल्यांदाच काढला. गोपालपुऱ्याच्या रस्त्यावर ट्रकने मला उडवलं आणि डावा पाय गेला, तेव्हापासून हे पंचेचाळीस किलोचं कुत्रं माझा आधार आहे. तोल गेला की मी त्याच्या पट्ट्याची मूठ धरते. मोठ्या आवाजाने गोठले की तो अंग टेकवून उभा राहतो. पण त्याला सुट्टी कधी? हेच कितीतरी दिवस डोक्यात होतं. पट्टा काढला आणि तो सुसाट पाण्यात गेला.

नेमका तेव्हाच मागे एका जीपचा टायर फुटला. कुबडी सुटली, मी खाली बसले. पुन्हा तोच ट्रक, तेच ब्रेक. भीमला हाक मारायची होती, पण आवाजच निघेना. तो लांब पोहत होता, मजेत. पट्टा माझ्या मांडीवर. त्याचा राग आला मला. मतलब, कुत्र्याचा राग! मग हाताखालची गरम माती चाचपली, श्वास मोजले, कुबडी ओढून घेतली. किती वेळ लागला कोण जाणे, पण उठले.

सुधीर टपरीवरून चहा घेऊन आला. लग्नाला बारा वर्षं झाली, पण त्याचा चेहरा इतका पांढरा पडलेला कधी पाहिला नव्हता.

"मी एकटी उठले रे."

"बघितलं. धावत येणार होतो. तेवढ्यात तू कुबडीकडे हात नेलास, म्हणून थांबलो."

दोन्ही कपांतला चहा त्याच्या हातांवर सांडला होता.