विहिरीतलं शेवाळ

४ जानेवारी २००५
अड्याळला आले. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची पहिली नोकरी! खोलीही छान मिळाली. घरमालकीण धुरपताबाई एकट्याच राहतात. आल्या आल्या त्यांनी गरम भात आणि लाखोरीची डाळ वाढली. अंगणात पायऱ्यांची विहीर आहे. खिडकीत मी माझ्या काचेच्या बरण्या मांडल्या. त्यांत शेवाळ वाढवणार आहे.

१३ जानेवारी
प्रयोग जमला! हे शेवाळ स्वच्छ पाण्यात एकेकटी पेशी होऊन वाढतं. पण त्याला खाणारे बारीक जीव, पाणपिसवा, ज्या पाण्यात राहून गेले ते पाणी गाळून नुसतं ओतलं, तरी पेशी चार-चार, आठ-आठ अशा एकमेकींना चिकटून वाढतात. मोठा पुंजका लहान तोंडात मावत नाही, म्हणून. भीतीनं आकार बदलतो म्हटल्यावर वर्गातल्या मुली हसल्या.

१९ जानेवारी
बाईंनी आज लेकीबद्दल सांगितलं. रुचिता. सहा वर्षांपूर्वी भरदुपारी याच विहिरीवर पाण्याला गेली. बादली काठावर राहिली, ती नाही. गळ टाकले, माणसं उतरली, काही सापडलं नाही. गाव म्हणालं, पळाली नागपूरला. बाईंनी तेवढंच धरून ठेवलंय. दर दिवाळीला तिच्यासाठी साडी घेतात. पेटी उघडून दाखवली. सहा साड्या, घडी न मोडलेल्या.

२४ जानेवारी
विहिरीचं पाणी गाळून बरणीत घातलं होतं. विहिरीत पाणपिसू एकही नाही, तीनदा तपासलं. तरी पेशी चिकटल्या. आठ नाही, शेकडो. असा पुंजका मी कधी पाहिला नाही. एवढ्या कशाला भ्यायल्या?

२५ जानेवारी
बाईंनी विचारलं, काय पाहता. उत्साहात बोलून गेले, विहिरीत यांना खाणारं काहीतरी राहतं.
तांदूळ निवडणारा त्यांचा हात थांबला. "मंग माही पोरगी नागपूरले गेलीच नाही?"
मी घाईनं बरणीवर झाकण लावलं.
"थे इथंच हाय. अन् मी साड्या घेऊन राह्यली."

२७ जानेवारी
बाई दिवसभर पायरीवर. जेवल्या नाहीत. माझं चुकलं असेल म्हणाले. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. "तू कायले खोटं बोलशील, माय?"

२९ जानेवारी
कॉलेजातून आले. खालच्या पायरीवर सहाही साड्या. बाई नाहीत.

३१ जानेवारी
मोटर लावून विहीर उपसली. तळाशी नुसता गाळ. लोक म्हणाले, म्हातारी लेकीकडे गेली असेल. मी सांगितलं नसतं तर —

२ फेब्रुवारी
विहीर पुन्हा भरली. पाणी हिरवंगार. दोनच दिवसांत —

३ फेब्रुवारी, दुपार
पिशवी भरली होती. बस जाऊ दिली. बाईंना इथं टाकून कशी —
पायरीवर बसून लिहितेय. हिरवं सगळं भिंतींना चिकटलंय. मध्ये पाणी काळं, नितळ.
ते हिरवं वर चढतंय. पाण्याबाहेर. दगडावरून —
मध्ये काहीतरी हललं.
बाई, तुम्ही असाल तर मी हात —