शिकाऱ्यांच्या कापडाचा कोट

९ ऑक्टोबर, मंगळवार

आज पुन्हा निळा ड्रेस! ट्रेंट म्हणतो, गव्हर्नरची बायको निळ्यात भरवशाची दिसते. अजून वेंडेल गव्हर्नर झालाय कुठे? मतदानाला महिना आहे. त्याचा प्रचार ट्रेंट सांभाळतो — आणि माझं कपाटही.

संध्याकाळी माहेरच्या गावाहून बालमैत्रीण ओपलचा फोन. तिथला शिवणकारखाना नाताळाआधी बंद होतोय. अख्खं गाव त्यावर जगतं. "लोरीन, तुझा फोटो रोज पेपरात. एकदा तरी आमच्या हातचं घाल गं."

घालणार.

१४ ऑक्टोबर

कोट आला. शिकाऱ्यांच्या जाकिटांचं कापड उरलं होतं, झगझगीत केशरी; रानात चुकून एकमेकांवर गोळी झाडू नये म्हणून ते घालतात तसं. पण बेतलाय असा, की न्यूयॉर्कवाल्यांनी तोंडात बोटं घालावीत.

१६ ऑक्टोबर, मंगळवार

सभेत घातला आणि घात झाला.

अलाबामात केशरी म्हणजे शिकार नाही, फुटबॉलची केशरी टीम! आणि वेंडेल कॉलेजात तिच्या हाडवैरी लाल टीमकडून खेळलेला. मला ठाऊक नव्हतं थोडंच? पण सामने शनिवारी. मंगळवारी कोण बघतंय, म्हटलं.

रेडिओवर एक गृहस्थ: "ज्याला घर आवरत नाही, तो राज्य काय आवरणार?" वेंडेल उकडलेल्या शेंगा सोलत म्हणाला, "लोरे, निदान लाल मफलर तरी!" हसला. मग शेंगा तशाच टाकून आत निघून गेला. मला फार लागलं ते.

१९ ऑक्टोबर

ओपल म्हणते, केशरीवाल्या बायका कोट मागताहेत. लालवाल्या विचारतात, आमच्या रंगात कधी? मालक मात्र म्हणतात, ही चार दिवसांची हौस, मोठं गिऱ्हाईक आणा.

ट्रेंटचा हुकूम: निळा. वेंडेलला विचारलं. "आता काढलास तर दोन्हीकडचे हसतील. घाल." घातला.

६ नोव्हेंबर

हरलो. थोडक्यात. ट्रेंट माझ्याकडे नाही, कोटाकडे बघत होता. वेंडेलने सगळ्यांसमोर मला जवळ घेतलं. तिथे रडू आवरलं, गाडीत नाही.

२० नोव्हेंबर

जिंकलेल्याची बायको, मेरिडिथ, शपथविधीला आमच्या कारखान्याचा कोट घालणार. तिच्या पक्षाच्या महिला आघाडीलाही तिथूनच शेकडो कोट. कारखाना बंद होत नाही! तिने मलाच फोन केला. "अहो, खांद्यात घट्ट बसतो का हो?"

म्हटलं, नाही. आणि खिसे मोठे मागून घ्या.