‘येतो’ या शब्दाचा काळ

झाशी,
रथसप्तमी, माघ शुद्ध ७, शके १९१५

चिरंजीव सौभाग्यवती बकुळ हीस,

तुझ्या नानांचे आशीर्वाद. येथे ईश्वरकृपेने सर्व ठीक आहे. तुझ्या घरीही तसेच असो. ‘सौभाग्यवती’ हे विशेषण तुझ्या नावामागे माझ्या हातून आज प्रथमच लिहिले गेले. त्याविषयी पुढे लिहीन. आधी आनंदाची वार्ता, कारण ती मनात मावत नाही.

मी पुन्हा नेपाळला जाऊन आलो!

निवृत्त झाल्यावर पशुपतिनाथाजवळच्या एका बालाश्रमात मी वर्षभर विनावेतन संस्कृत शिकवले, हे तुला सिंधूआत्याने कळवले असेलच. बत्तीस अनाथ मुले, त्यांना सांभाळणाऱ्या शारदादीदी, आणि फळा म्हणून काळा रंग फासलेली एक भिंत, एवढाच त्या आश्रमाचा संसार. त्या मुलांना पुन्हा भेटावे असे तीन वर्षे घोकत होतो. कधी गुडघे आडवे येत, कधी चातुर्मास, आणि खरे सांगायचे तर बहुधा आळस.

या संक्रांतीला मात्र मनाने उचल खाल्ली. आत्याने दोन डबे भरून तिळगूळ करून दिला, पण तोंडाने पट्टा चालूच: “एकाहत्तराव्या वर्षी लोक काशीला जातात. हे निघाले परदेशी पाढे म्हणवून घ्यायला! आणि काय हो भैया, चिरगावला बस जात नाही वाटतं?”

मी ऐकू न आल्यासारखे करून पिशवीची दोरी आवळली.

गोरखपूरपर्यंत रेल्वे, सोनौलीला सीमा, आणि पुढे डोंगर चढणारी बस. तिच्यात माझ्या मांडीवर अर्धा वेळ परक्या बाईची कोंबडी होती. माझे सोवळे त्या कोंबडीने सोडवले असे समज. सारी रात्र थंडीने दात वाजत होते, तरी मला हसू येत होते. पहाटे हिमशिखरांवर ऊन आले तेव्हा मी चालत्या बसमध्येच सूर्याला हात जोडले. शेजारच्या दोघांनीही जोडले.

आश्रमाच्या फाटकाशी पोचलो आणि आतून एकच गलका उठला, “गुरुजी आउनुभयो! गुरुजी आउनुभयो!” म्हणजे गुरुजी आले. बकुळ, मी चाळीस वर्षे अध्यापन केले, माझ्या येण्याने आनंदलेला वर्ग मी त्यापूर्वी पाहिला नव्हता. मुलांनी माझा दंडा, उपरणे, चष्मा, सारे वाटून घेतले. शारदादीदी ओरडत होत्या, “अरे, गुरुजींना तरी आत येऊ द्या!” तिळगुळाचा एक डबा उंबरठ्यावरच संपला. दुसरा मी मोठ्या चातुर्याने लपवला.

मग मी ती भिंत पाहिली.

पहिल्या धड्यात मी मुलांना शिकवले होते: ‘गच्छति’ म्हणजे जातो, त्याच्या आधी एक ‘आ’ ठेवला की ‘आगच्छति’, म्हणजे येतो. एका अक्षराने माणसाची पाठ वळून तोंड दिसू लागते. तो ‘आगच्छति’ भिंतीच्या कोपऱ्यात तसाच होता. तसाच म्हणजे, ‘ग’ला पोट सुटले होते, ‘च्छ’चा पार गुंता झाला होता, तीन वर्षांच्या खडूने अक्षरे जाड होत गेली होती.

“यह मनमाया का काम है,” दीदी म्हणाल्या. “पुसट झालं की पुन्हा गिरवते. कोणी पुसलं तर चावते.”

मनमाया आता दहा वर्षांची आहे. ती एकटीच धावत आली नव्हती. खांबाला टेकून उभी होती. निरोपाच्या दिवशी मी आपल्या रीतीप्रमाणे “येतो” म्हणालो होतो, तेव्हा तिनेच त्याचा अर्थ विचारला होता, “गुरुजी, येतो माने?” मला बसची घाई होती. मी भिंतीवरच्या त्या शब्दावर बोट ठेवले आणि निघालो.

“आपने बोला था, येतो,” ती आता म्हणाली. “हमने रोज़ देखा.”

मी तिला समजावू लागलो, की बाळ, आम्हा मराठी माणसांत जाताना ‘जातो’ म्हणणे अशुभ, म्हणून ‘येतो’ म्हणतात. ती केवळ रीत आहे. तिने सारे नीट ऐकून घेतले आणि विचारले,

“तो फिर जब सच में आना हो, तब क्या बोलते हैं?”

“गुरुजी फेल! गुरुजी फेल!” म्हणून सारा वर्ग नाचला. मीही हसलो. मग मनमायेने आपल्या पेल्यातले पाणी मला दिले आणि मी ते घटाघटा प्यायलो.

ते पाणी प्यालो, बकुळ, आणि तुझे दार आठवले.

नऊ वर्षांपूर्वी तू कचेरीत लग्न लावलेस. त्यानंतर महिनाभराने मी चिरगावला आलो होतो. तुझ्या सासूबाईंनी तांब्या पुढे केला. मी ओट्यावर उभ्या उभ्याच हात जोडले, “तहान नाही” म्हणालो. ज्येष्ठाचे ऊन होते. नंतर “येतो” म्हणून वळलो. तू फाटकापर्यंत आलीस आणि विचारलेस, “कधी?” ती रीत आहे हे तुला मनमायेपेक्षा अधिक ठाऊक होते, तरीही तू विचारलेस. मी मागे पाहिले नाही.

बालाश्रमात मी एकाही लेकराला जात विचारली नाही. ती तुझ्या दाराशी तेवढी विचारली. दोन वेळा देशाची सीमा ओलांडली. तीस किलोमीटरचा रस्ता नऊ वर्षांत ओलांडता आला नाही. शब्दाचे पावित्र्य जन्मभर शिकवले आणि स्वतःचा शब्द पोकळ ठेवला. नात झाल्याचे तुझे कार्डही अनुत्तरित ठेवले. तिला मराठी समजते पण बोलता येत नाही, असे आत्याकडून कळते. हरकत नाही, तिच्या आजोबांनाही एका शब्दाचा अर्थ नव्याने शिकायचा आहे.

येत्या मंगळवारी सकाळी दहाच्या बसने मी निघेन. जावई श्रीकृष्णजींना माझा नमस्कार सांग. त्यांचे नावही आज प्रथमच लिहितो आहे. सासूबाईंना सांग, म्हातारा तहानलेला आहे. फाटक बंद असले तर मी बाहेरच बसेन. दिवेलागणीला शेवटची बस असते, तोवर. ती फाटकाबाहेरची जागा मीच निवडली होती, तेव्हा रागवण्याचा अधिकार मला नाही.

लपवलेल्या डब्यातला मूठभर तिळगूळ परत आणला आहे. तो देण्याची मुदत आज संपते. शास्त्राकडे चार दिवसांची सवलत मागून घेतो. मात्र देताना ‘गोड बोल’ म्हणणार नाही. जे बोलायचे असेल तेच बोल.

लेखणी सवयीने शेवटी ‘येतो’ लिहू पाहत होती. तिला थांबवले. तो शब्द मंगळवारी, तुझ्या फाटकाच्या आत पाऊल पडल्यावर उच्चारीन.

तोवर, केवळ निघालेला,
तुझा नाना