भूत सोडावं की नाट धरावा

लोणार, वैशाख वद्य पंचमी, १९६५

चि. शालिग्राम यास वामनमामाचे अनेक आशीर्वाद.

ताजी बातमी आधी सांगतो आणि खुशाली मग विचारतो. काल दुपारी सरोवरातून विमानाचा आवाज पुन्हा आला. या खेपेला तो आमचे तलाठी गुलाबराव यांनी ऐकला. सातबाऱ्यावर नाही ती वस्तू जगात नाही, असं मानणारा हा माणूस. तो काठावरून थेट एस.टी. स्टँडवर माझ्या कंट्रोलरच्या खोलीत आला, तांब्याभर पाणी प्यायला आणि म्हणाला, "वामनराव, आवाज आला हे खरं हाय. पण वरून नाई आला. खालून आला." मी म्हटलं, मेहकरची गाडी चढ चढत असेल, तिचा घुमला असेल. खरं तर मला ठाऊक होतं की मेहकरची गाडी त्या वेळी स्टँडवर उभी होती, कारण मी तिलाच टेकून चहा पीत होतो. पण सरकारी माणसाला सरकारी कारण सुचवावं, एवढाच हेतू. गुलाबराव उठले आणि म्हणाले, "पंचनामा करता येते काय याचा?" मी म्हटलं, जागा पाण्याची आहे, हद्द कोणाची लावणार? तेव्हा ते गेले.

आता खुशाली. इकडे सर्व क्षेम. तुझी प्रकृती उत्तम असेलच. (नसली तर उलट टपाली कळव, आणि मामा असं का विचारतो ते पुढे वाचल्यावर कळेल.) ऊन फार आहे, आंबा कमी आहे, कच्छकडच्या चकमकींच्या बातम्या रेडिओवर ऐकून तुझ्या आईनं रेडिओवर फडकं टाकून ठेवलं आहे. बातम्या येतात, पण फडक्यातून येतात.

या सगळ्याचं मूळ तुझं गेल्या महिन्याचं पत्र. तू आईला सरळ मनानं लिहिलंस की हवाई दलातल्या नोकरीची मुदत ऑगस्टात संपते; मुंबईच्या प्रवासी विमानकंपनीनं बोलावलं आहे, पगार जवळजवळ दुप्पट, आणि उत्तर महिनाअखेर हवं आहे; पण सही करून मुदत वाढवून घेतलीस तर तुला व्हॅम्पायर विमानावरून काढून नव्या नॅट विमानावर घालतील. तुझे दोन सोबती कंपनीत गेले, हेही लिहिलंस. समोरच्याचं विमान आपल्या दुप्पट वेगानं जातं, आपलं मागच्या महायुद्धाच्या शेवटाचं, नवी विमानं येतील तेव्हा ती उडवायला शिकलेली माणसं राहिली पाहिजेत, नाहीतर नवी येऊनही काय उपयोग, हे तुझं म्हणणं मला पटलं. मी ते ओट्यावर बसून मोठ्यानं वाचलं, हीच चूक झाली. तुझ्या आईनं सगळं ऐकून एकच विचारलं, "व्यांपायर म्हणजे काय रे वामन?" मला ठाऊक नव्हतं. समोरून आपले इंग्रजीचे जानराव मास्तर चालले होते. त्यांना हाक मारली.

मास्तर शब्दाचा अर्थ तोंडी कधी सांगत नाहीत. घरी जाऊन डिक्शनरी घेऊन आले, चष्मा पुसला आणि वाचलं : थडग्यातून उठून झोपलेल्या माणसाचं रक्त पिणारं भूत. तुझी आई उठून देवाजवळ दिवा लावून आली. तिला धीर देण्यासाठी मास्तर म्हणाले की नाव काही असो, विमान चालतं ते इंजिनावर. आणि तू मागे सुट्टीत आलास तेव्हा इंजिनाचं नाव गॉब्लिन असं सांगितलं होतंस, ते त्यांच्या लक्षात होतं. त्यांनी गॉब्लिन काढला. ते निघालं खोडकर भूत. म्हणजे, बाबा, आमचा भाचा भुताच्या पोटात बसतो आणि त्या भुताच्या पोटात दुसरं भूत असतं. तुझी आई म्हणाली, "सरकारले दुसरं नाव नाई सापडलं काय?" मास्तर म्हणाले, नाव इंग्रजांनी ठेवलं. "मंग इंग्रज गेले अन् भूत काऊन ठेवून गेले?" मास्तरांनी डिक्शनरी मिटली. जाताना ते मला हळूच म्हणाले, "वामनराव, भुतंखेतं मी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच सोडली. पण डिक्शनरी नाई सोडली ना."

नॅटचा अर्थ मास्तरांना विचारायची वेळच आली नाही. (नंतर पाहिला. चिलट निघालं. पण तोवर फार उशीर झाला होता.) आपल्या तोंडी नॅट येत नाही, नाट येतो. तुझ्या आईनं ऐकलं ते असं, की पोराला भुतावरून काढणार आणि नाट लावणार. कार्याला नाट लागू नये म्हणून जी बाई दाराबाहेर पडताना दोनदा मागे फिरते, तिच्यापुढे हे ठेवलंस. राहता राहिली प्रवासी कंपनी. मला वाटलं, आता ती कंपनीचाच धोशा लावणार, आणि तिनं तो लावलाही. मला बसवून सांगितलं की शालिग्रामला लिही, लढाईचं विमान सोड. मी लिहायला घेणार तोच तिला वाटलं, सोडून काय उपयोग, सात वर्षं जे अंगाला चिकटलं ते आधी उतरवलं पाहिजे. आणि तिनं उकंडराव भगताला बोलावणं धाडलं.

उकंडराव तुला आठवणार नाही. एरवी तो म्हशींचं औषधपाणी पाहतो. त्यानं तुझा विमानासमोरचा फोटो उन्हात धरून पाहिला. तुझ्याकडे नाही पाहिलं, विमानाकडे पाहिलं. "याले दोन शेपट्या हाय," तो म्हणाला, "तोंड केवढं, अन् पंखा नाई. उडते कशावर?" मी म्हटलं, आतल्या आगीवर. तो म्हणाला, हाव, तशी असतातच. मग विचारलं, अंग कशाचं? मी तू सांगितलेलं सांगितलं, की मागचा भाग धातूचा पण माणूस बसतो तो पुढचा भाग लाकडी पट्ट्यांचा आहे. त्यानं फोटो खाली ठेवला आणि विचारलं, "कोण्या झाडाचं लाकूड?"

शालिग्राम, हा प्रश्न तुमच्या खात्यात कोणी विचारला होता का, मला ठाऊक नाही. उकंडरावाचं म्हणणं सरळ होतं. झाड कुठलं, कुठे उभं होतं, त्यावर कोण राहत होतं, हे न पाहता ते कापलं, त्यात पोरगं बसवलं. झाडावरचं जाईल कुठं? "लाकडाचं जुनं विमान ठेवूच नोका. सारं लोखंडाचं, नवं घ्या. सरकारले कळवा." तुमचे मोठे अधिकारी दिल्लीत जे मागत असतील तेच हा माणूस लोणारात सव्वा रुपया आणि नारळ घेऊन मागत होता. मी हसलो. आमच्यात त्या दिवशी हसणारा मी एकटा होतो, आणि तेही तेवढंच.

ठरलं असं : किसनराव सुतारानं फोटो पाहून लाकडाचं छोटं विमान करावं, दोन शेपट्यांसकट, तुझ्या अंगावरचं त्यात उतरवावं, आणि भर दुपारी खाली सरोवराच्या काठी, कमळजादेवीच्या देवळाच्या अलीकडे ठेवून यावं. खाऱ्या पाण्यापुढे भूत जात नाही म्हणतात. आम्ही चौघं उतरलो. उकंडराव पुढे, तुझी आई फोटो पदराखाली धरून, मी नारळ-लिंबू-भात घेऊन, आणि मास्तर, काही घडत नाही हे पाहायला. वरून खाली येईपर्यंत तुला माहीत आहे, मोर ओरडत असतात, वानरं फांद्या हलवत असतात, आणि तो वास येत असतो. उकंडरावानं ओवाळून विमान काठाच्या चिखलावर टेकवलं, आणि सगळं थांबलं. मोर थांबले. पाण्यावरची ती बारीक थरथर असते ना, ती थांबली. भाताभोवती वानरं जमली, पण भाताला एकही हात लावेना. वानरं आणि भाताला हात लावेनात. ती अंतर राखून गोल बसली, आणि वर नाही, पाण्यात पाहत होती.

मग आवाज आला. आधी शिट्टीसारखा, मग भरत गेला, तू विमान घेऊन गावावरून गेलास तेव्हा आला होता अगदी तसाच. मी वर पाहिलं. वर नुसतं पांढरं आभाळ. मास्तर माझ्या बाहीला धरून म्हणाले, खाली पाहा. पाण्यातून एक सावली चालली होती, दोन शेपट्यांची. ती काठाकाठानं वळसा घेत गेली, देवळापाशी आली, पुन्हा वळली. उठायला जागा शोधत असावी तशी. चौफेर डोंगराची कड, आणि ती कडेला आली की वळायची. तुझ्या आईनं विचारलं, "थे निघून गेलं ना?" उकंडराव पाण्याकडे पाहत म्हणाला, "बाई, फोटो कोठी हाय?" फोटो तिच्या हातात होता. पदराखालून तिनं तो काढून छातीशी धरला होता, तोंड पाण्याकडे. तो म्हणाला, "बांधायचं होतं भूत. फोटोत तं पोरगं बी हाय. थे बी बांधल्या गेलं."

तेव्हापासून रोज दुपारी आवाज येतो आणि घिरट्या घालून विरतो. किसनरावाचं विमान अजून चिखलावर आहे. वाऱ्यानं हलत नाही, पण सकाळी त्याचं तोंड पाण्याकडे असतं आणि दुपारनंतर डोंगराकडे. मास्तर म्हणतात, मी भूत मानत नाही, पण सावली मानावी लागते, ती भौतिकशास्त्रात आहे. उकंडराव तापानं पडला होता. त्यातून उठून त्यानं मला एकांतात सांगितलं की सोडवणं त्याच्या हातात नाही, पोरानं स्वतः काय ते ठरवलं की सुटेल. मधे लोंबकळलं ते घिरट्या घालते.

मी हे कोणाला सांगितलं नसतं. पण परवा तुझं दुसरं पत्र आलं, मला वेगळं लिहिलेलं. त्यात तू म्हणतोस की हल्ली वर गेलं की खाली गोल हिरवं पाणी आहेसं वाटतं, आणि चारी बाजूंचे डोंगर आपल्याहून उंच. डॉक्टरांनी झोप पुरी घे म्हटलं. तू लोणारचा, तुला ते पाणी आठवणं साहजिक आहे, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. ते दोन तास टिकलं.

तेव्हा तुझ्या आईचा निरोप तिच्याच शब्दांत देतो, कारण तिनं मला तीनदा म्हणायला लावला : "लढाईचं सोड. मुंबईले जाय. लोकाईले इकून तिकून ने, संध्याकाळी घरी जेव." एवढं लिही म्हणाली. लिहिलं.

तुझा,
वामनमामा

ता. क. वरचा निरोप रद्द समज. पत्र पाकिटात घालताना तुझी आई पुन्हा आली. तिनं विचारलं, प्रवासी विमानात बसते कोण? मी म्हटलं, ज्यानं तिकीट काढलं तो. "मंग थे भूत बी तिकीट काढून बसन," ती म्हणाली. लढाईच्या विमानात निदान दुसऱ्याला जागाच नाही. शिवाय नाटाचा तिनं रात्रभर विचार केला आहे. तिचं म्हणणं, नाट आपल्याला लागला तर वाईट; पण आपण नाटावर बसलो तर तो समोरच्याला लागेल. "नाट पोराच्या हाताखाली राह्यन, बे. लावायचा तं दुसऱ्याले लावू दे." (मला ती बे कधीच म्हणत नाही. यावरून काय ते समज.) तू काय करावंस हे मात्र ती सांगत नाही. लोंबकळू नको, एवढंच म्हणते.

ता. क. २. माझी स्वतःची मागणी वेगळी आहे, आणि खरं तर त्यासाठीच पत्र लिहायला घेतलं. ठरेपर्यंत भर दुपारी वर जाऊ नकोस. साहेबाला पोटदुखी सांग. सकाळी जा, संध्याकाळी जा. त्या वेळेला जमिनीवर राहा.

ता. क. ३. टपालाची गाडी चुकली, म्हणून पाकीट पुन्हा उघडलं. आज दुपारी आवाज आला तो निराळा. बारीक, उंच, सुईसारखा, चिलटाचा असतो तसा. तुझी आई, मास्तर आणि मी काठावर होतो. सावली लहान होती, आणि शेपटी एकच. तिनं घिरटी घातली नाही. सरळ आली, पाण्यावरून कडेवर चढली, आमच्या पायांवरून गेली आणि मेहकरच्या अंगाला निघून गेली. माझ्या पायांना थंड लागलं. मास्तरांनी वर पाहिलं. वर काही नव्हतं. त्यानंतर मोर ओरडायला लागले. तुझी आई म्हणाली, "सही केली त्यानं." आणि खाली बसली.

सही केली असलीस तर मला कळवू नकोस, तिला कळव. माझ्या तोंडून वाचलेलं पत्र ती आता ऐकणार नाही म्हणते. मास्तरांकडून अक्षरं शिकायला बसली आहे, तुझ्या नावापर्यंत आली आहे. टपालाच्या गाडीला आज येऊन स्टँडवर बसली होती. उद्याही येईल. मोठ्या अक्षरात लिही.